एक वाजेपर्यंतचे मालक

औषधांच्या एका कंपनीचा अधिकारी आमचं गोदाम बघायला आला होता. टाय लावलेला, चकचकीत बूट, हातात फाइल. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "इथला कारभार कोण बघतं?"

नाखवा म्हणाले, "किती वाजता?"

अधिकाऱ्याला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं. नाखव्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं आणि वर समजावून सांगितलं, "सकाली मी बघतो. एक वाजल्यावर या मॅडम बघतात. आता पाऊन वाजलाय. म्हंजे थोरा वेल माज्याशी बोला, मंग त्यांच्याशी. मंग मीबी त्यांच्याच हाताखाली."

अधिकारी हसला. पाहुण्याने यजमानाच्या विनोदाला हसावं तसं, अदबीने. एक वाजला. नाखव्यांनी अंगातला पांढराशुभ्र शर्ट काढून खुंटीला अडकवला, हमालांचा निळा शर्ट चढवला, डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं आणि माझ्यासमोर हात बांधून उभे राहिले. "शेठ, काय काम हाय?"

मी म्हटलं, "तिसऱ्या शेडमध्ये खोकी मोजायची आहेत. इलियासभाईंबरोबर जा."

ते गेले. अधिकाऱ्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं. त्या माणसाने मग माझ्याकडे जे पाहिलं, ते मला आजही आठवतं. हे गोदाम वेड्यांचं आहे की जगातलं सगळ्यात शहाण्यांचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर तिथे तीन वर्षं काढूनही मलाही ते ठरवता आलेलं नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, मानकोलीच्या भातशेतांत एकामागून एक पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या तेव्हाची. मुंबईत मॉल निघत होते, आणि मॉलमध्ये जे काही विकलं जायचं ते आधी आमच्याकडे येऊन राहायचं. नाक्यावर दिवसभर ट्रकची रांग, हवेत डिझेल आणि ओल्या खाडीचा वास. मी ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून रोज यायचे. व्यवस्थापनाचा कोर्स नुकताच पुरा केला होता आणि जगातलं प्रत्येक काम चौकोनांत आणि बाणांत मांडता येतं अशी माझी पक्की समजूत होती.

नाखवा आगरी. शेडच्या खालची जमीन त्यांच्या घराण्याची. त्यांच्या वडिलांची कशेळीच्या खाडीत होडी होती. नाखवा म्हणजे होडीचा धनी, होडी चालवणारा. वडील गेले, होडी गेली, पण नाव पोराला चिकटलं. गंमत अशी की या नाखव्यांना होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना इतके खूश व्हायचे की जणू एखादं बक्षीस मिळाल्याची हकिकत सांगताहेत.

मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांना केबिनमध्ये शोधलं. केबिनमध्ये एसी चालू होता आणि जमिनीवर चार ट्रक ड्रायव्हर घोरत पडले होते. मालक कुठे आहेत विचारलं तर शिपायाने बाहेर बोट दाखवलं. बाहेर उन्हात मालाच्या लाकडी फळ्यांच्या ढिगावर एक उंच, काळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता आणि समोरच्या चाळीस-पन्नास हमालांना ओरडून काहीतरी सांगत होता. मला वाटलं भांडण चाललंय.

"आज टीव्ही येनार हायेत! रंगीत! मोठा पडदा! ये टीव्ही किधर जाएगा मालूम है? लोगों के हॉल में जाएगा. उसके सामने बैठ के पूरा खानदान मॅच देखेगा. और एक का भी काच फूटा, तो कोई बच्चा रोएगा. किसके वजह से?"

"हमारे वजह से!" हमाल ओरडले.

"मंग फुटंल का?"

"नाय!" ही मंडळी जौनपूरची, आझमगढची. पण ते 'नाय' अगदी अस्सल आगरी होतं.

पहिला ट्रक मागे येऊन लागला आणि ती माणसं त्याच्यावर अशी तुटून पडली की मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ओझं उचलणारी माणसं इतकी आनंदात असू शकतात, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नाखवा ढिगावरून उतरले, घाम पुसत माझ्याकडे आले. मी माझे कागद पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "आत एक फेरी मारून या. मंग सांगा काय दिसला."

मी फेरी मारून आले आणि सांगितलं. माल कुठेही ठेवलाय. जड खोकी वर, हलकी खाली. बाहेर जायचा माल आत अडकलाय आणि आत राहायचा माल दारात आहे. आग विझवायचे लाल डबे पंख्यांच्या खोक्यांमागे लपलेत. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "मना हे कदीच दिसत नाय. मना फकस्त मानसं दिसतात. उद्यापासून या."

केबिनबद्दल मी पुढे कधीतरी विचारलं. "लांबून गारी घेऊन येतात बिचारे," नाखवा म्हणाले. "मी त्या खुर्चीत बसून काय उजेड पारनार हाय? त्यांना झोपू द्या." इंदूर-अहमदाबादकडून येणारे ड्रायव्हर इतर ठिकाणी रांगेत ताटकळायचे, पण आमच्याकडचा माल म्हटलं की आनंदाने निघायचे. हा फायदा मला कळायला वेळ लागला. नाखव्यांना तो फायदा म्हणून ठाऊकच नव्हता.

पहिले सहा महिने मी आणि ते दोघंही एकमेकांना अगदी मेटाकुटीला आणत होतो. मी आठवड्याचं वेळापत्रक लावायचे. ते त्याचं तोंड भरून कौतुक करायचे आणि त्याच सकाळी ते पार मोडून टाकायचे. कुणाला मुलगी झाली, सगळ्यांना जिलेबी, दोन तास काम बंद. कुणा दोघांचं भांडण झालं, काम थांबवून मिटवायचं. मी तक्रार केली की म्हणायचे, "मॅडम, तुमी बोलता ते सगला बरोबर असतंय. पन तुमचा ऐकून कनाचा रक्त उसलत नाय."

मला भयंकर राग यायचा, कारण ते खरं होतं. मी 'कृपया रांगेत या' म्हटलं की माणसं रांगेत यायची, पण खांदे पाडून. नाखवा नुसते शीळ घालत शेडमध्ये शिरले की बसलेली उठायची.

मग ती वज्रेश्वरीची सहल झाली.

फ्रिज बनवणारी एक मोठी कंपनी हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांची माणसं मालाची मोजदाद करायला यायची होती. आदल्या दिवशी सगळा माल नीट लावून ठेवायचा, असं मी महिनाभर आधी ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी मी पोचले तर गोदामात शुकशुकाट. वॉचमन म्हणाला, "सब लोग वज्रेश्वरी गए." नाखव्यांनी दोन टेम्पोंत सगळ्यांना भरलं होतं आणि गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं होतं. दिवाळीच्या गर्दीत पोरांचे पाय सुजलेत, त्यांना जरा शेक हवा, असं त्यांना पहाटे वाटलं. वाटलं की केलं.

संध्याकाळी सगळे गात-नाचत परत आले. 

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली. माल जागेवर नव्हता. मोजणी थांबली, बाहेर ट्रक अडकले, फोनवर फोन आले. त्या माणसांनी आवाज चढवला नाही की काही नाही. महिना संपता संपता त्यांनी आपला सगळा माल उचलून दुसरीकडे नेला. एक अख्खी शेड रिकामी झाली आणि त्या शेडवर काम करणाऱ्या टोळीला आम्हाला रजा द्यावी लागली.

नाखव्यांनी आयुष्यात कुणाला कामावरून काढलेलं नव्हतं. ती माणसं आपापली गाठोडी घेऊन नाक्याकडे निघाली तेव्हा ते फाटकात उभे होते. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्यातला एक जण उलट त्यांनाच म्हणाला, "सेठ, वज्रेश्वरी में बहुत मजा आया था." हे ऐकल्यावर ते वळले आणि रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसले.

मी आत गेले. राजीनामा द्यायचाच हे मी ठरवून टाकलं होतं. म्हटलं, "मी जाते, नाखवा. माझा इथे काही उपयोग नाही."

 ते एकदम उठले. या माणसाचं हे असंच असायचं. मनात काही आलं की आधी अंगात यायचं. येरझाऱ्या घालू लागले. "मना बांधून ठेवलात तर मी मरनार, मॅडम. मोकला सोरलात तर धंदा मरनार. आपन वाटनी करू. सकालपासून एकपरत मी मालक. एकच्या नंतर तुमी मालक, न् मी तुमचा हमाल. तुमचा येक बी शब्द मोरनार नाय. खंडोबाची आन."

"आणि सकाळी तुम्ही परत वज्रेश्वरीला नेलंत तर?"

"सकाली जे कराचा ते दुपारी तुमाला निस्तारावा लागंल, हे डोक्यात ठेवूनच करीन. तुमी दुपारी जे ठरवाल ते दुसऱ्या सकाली मना लोकांच्या गली उतरवावा लागंल, हे तुमी डोक्यात ठेवा."

मी राहिले. का राहिले ते आता नीटसं सांगता येत नाही. बहुधा दुपारी हा माणूस खरंच माझं ऐकतो का, हे बघायची अनावर उत्सुकता म्हणून.

तो ऐकायचा. सुरुवातीला सगळ्या मानकोलीला हा तमाशा वाटला. आजूबाजूच्या गोदामांतले लोक दुपारी मुद्दाम चहाच्या निमित्ताने डोकावायचे. नाखवा निळ्या शर्टात खोकी उचलायचे, शिक्के मारायचे, माझ्याकडे येऊन 'शेठ, जेवायला जाऊ?' असं विचारायचे. 'शेठ' म्हणताना त्यांच्या आवाजात थट्टेचा लवलेश नसायचा. एकदा त्यांच्या घरचं कुणीतरी म्हणालं, काय हा पोरखेळ. नाखवा शांतपणे म्हणाले, "माज्या बापानं होडी चालवली, पन वारा कवा सुटंल ते तो ठरवीत नव्हता. मीबी सगला ठरवीत नाय. झालं."

एक दुपार मात्र मी जन्मात विसरणार नाही. हेल्मेटचा नियम मी केला होता. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, त्याने त्या दिवसापुरतं घरी जायचं. माणसं कुरकुरत होती. गरम होतं, खाज येते, डोकं जड होतं. आणि त्या दुपारी माल उचलायच्या गाडीच्या पुढच्या दोन लोखंडी सुळ्यांवर उभे राहून, हात हलवत, उघड्या डोक्याने नाखवा शेडमध्ये शिरले.

सगळं काम थांबलं. पन्नास जोड्या डोळे आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे वळले. इलियासभाई हा आमचा मुकादम. जौनपूरचा, सडसडीत, दाढीला मेंदी लावणारा, गोदाम नव्हतं तेव्हापासून, दहा-बारा वर्षं नाखव्यांजवळ असलेला. तो मला डोळ्यांनी खुणावत होता, जाने दो मॅडम, जाने दो.

 तरी मी म्हटलं, "नाखवा, हेल्मेट कुठे आहे?"

त्यांनी डोक्यावर हात फिरवला. "राहिला."

"मग घरी जा."

कुणीतरी श्वास घेतलेला मला ऐकू आला. नाखवा खाली उतरले. माझ्या अगदी समोर आले. मिशीखाली काय चाललंय ते कळत नव्हतं. मग मान खाली घालून म्हणाले, "जी, शेठ," आणि फाटकातून बाहेर पडले.

तासाभराने चहावाला धावत आला. "मॅडम, नाखवा नाक्यावर सगल्यांना सांगत बसलेत, मना आज कामावरून घरी पाठवला म्हणून! पेढे वाटतायत!" आणि ते खरंच वाटत होते. ट्रक थांबवून थांबवून ड्रायव्हरच्या हातात पेढा ठेवत होते. "माज्या गोदामात आता नियम हाय! माज्यासाठी बी हाय!"

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. वॉचमनच्या सुद्धा.

वाटणीची दुसरी बाजू माझ्यासाठी जास्त अवघड होती. एका सकाळी त्यांनी मला त्या फळ्यांच्या ढिगावर उभं केलं. "आज तुमी बोला." मी आदल्या रात्री पाठ केलेलं बोलू लागले, 'आजचं उद्दिष्ट', 'अपेक्षित वेळ' वगैरे. समोर मख्ख चेहरे. नाखवा खालून ओरडले, "मॅडम, त्या औषधांच्या खोक्यात काय हाय?"

"सलाइनच्या बाटल्या."

"कनासाठी?"

 माझे वडील त्याच्या आदल्या वर्षी ठाण्याच्या एका दवाखान्यात होते. मी ते बोलून गेले, मोडक्यातोडक्या हिंदीत. बाटली संपत आली होती आणि दुसरी खालून यायला वेळ लागत होता, आणि मी जिन्यात उभी राहून वाट बघत होते. एवढंच बोलले. ढिगावरून उतरताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. पण त्या दिवशी सलाइनची खोकी त्या माणसांनी अशी हलवली, की जणू प्रत्येक खोक्यात कुणीतरी निजलेलं होतं.  नाखव्यांनी नुसती एक लांब शीळ घातली.

आता ती आग.

थंडीचे दिवस होते. गोदामामागच्या नाखव्यांच्या शेतात वाल छान भरला होता. दरवर्षी त्या वालाच्या शेंगांची पोपटी लावून ते सगळ्या हमालांना खाऊ घालायचे. मडकं, भांबुर्डीचा पाला, वर जाळ. त्या वर्षीची पोपटी चार दिवसांवर आली होती. दुपार कलत होती. म्हणजे वेळ माझी.

शेजारच्या गोदामात प्लॅस्टिकचे दाणे आणि रंगात मिसळायच्या थिनरचे डबे होते. आधी एक धप् असा आवाज आला. मग पत्रे तडतडले आणि बघता बघता काळा धूर आमच्या छपरावर लोळू लागला. मी शिट्टी फुंकली. या दिवसाची तालीम मी दोनदा घेतली होती. त्यातल्या एका तालमीत नाखवा जखमी झाल्याचं सोंग घेऊन इतके विव्हळले होते की सगळ्यांची हसून पुरेवाट झाली होती. पण माणसं तालीम विसरली नव्हती. काम टाकून, ठरलेल्या वाटेने, फाटकाजवळच्या उंबराखाली येऊन उभी राहिली. नाखवा सगळ्यात पुढे, हेल्मेट घालून.

माझा ऊर क्षणभर भरून आला. आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की माझी योजना इथेच संपते.

वारा फिरला होता. धूर उंबराकडे येत होता. फाटकाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर तीन गोदामांचे ट्रक एकमेकांत अडकले होते आणि कितीतरी ड्रायव्हर गाड्या तशाच सोडून पळाले होते. अग्निशमनची गाडी लांबून घंटा वाजवत होती, पण तिला पुढे सरकायला जागाच नव्हती. माझ्या कागदावर एकच फाटक होतं. ते बंद झालं तर काय, हे मी लिहिलेलंच नव्हतं. माणसं खोकू लागली. एक-दोघं पळायच्या बेतात होती, आणि ती पळाली असती तर सगळेच पळाले असते.

नाखवा माझ्याजवळ आले. "शेठ, काय करू?"

मी पुन्हा फाटकाकडे बघितलं.

"शेठ, काय करू सांगा."

"मला कळत नाहीये, नाखवा."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. जरा हळू आवाजात म्हणाले, "मंग सकाल करा, मॅडम."

"केली," मी म्हटलं. "सकाळ झाली. करा तुम्ही!"

आणि तो साठीचा माणूस त्या क्षणी असा काही पेटून उठला की काय सांगू! एका ट्रकच्या बॉनेटवर चढले आणि गरजले, "इलियास! गारी काढ न् मागची भिंत पार! सगली नको, दोन गाऱ्या जातील इतकी!" ती भिंत नवी होती, मोठ्या हौसेने बांधलेली. इलियासभाईंनी माल उचलायची गाडी सरळ तिच्यावर घातली. एक धडक, दुसरी धडक, आणि भिंत वालाच्या शेतात आडवी झाली.

"सब लोग मेरे पीछे! भागने का नहीं, चलने का! जिसको जिसका हाथ मिलेगा, पकड़ो!" माणसं हात धरून त्या भगदाडातून शेतात निघाली. मला वाटलं होतं चेंगराचेंगरी होईल. पण कुणी कुणाला ढकललं नाही. नाखवा मग मागच्या वाटेने धावत रस्त्यावर गेले. केबिनमध्ये झोपून गेलेले कितीतरी ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचे. नावं घेऊन घेऊन हाका मारल्या. "अरे सरदार, वापस आ! तेरी गाड़ी है, तेरे को ही निकालनी है!" आणि पळालेली माणसं परत आली. एकेक ट्रक मागे सरकू लागला. वाट झाली तशी अग्निशमनची गाडी शेताच्या बांधावरून आत घुसली आणि भरलेला वाल चाकांखाली चिरडत थेट पडलेल्या भिंतीपर्यंत आली. नाखवा तिच्यापुढे उलटे धावत होते, दोन्ही हातांनी तिला बोलावत. "या! या! वालाकरं बघू नका, या!"

पाणी सुरू झालं. नाखवा धापा टाकत माझ्यापाशी आले. सगळे शेतात उभे होते. मी टोळीटोळीने माणसं मोजायला लावली. इलियासभाईंचा चेहरा उतरला. "मॅडम, रामदुलारे नहीं है."

कुणीतरी म्हणालं, तो हमालांच्या राहायच्या मागच्या खोलीत आपलं गाठोडं आणायला गेला होता. मुलीच्या लग्नाचे कपडे होते त्यात.

नाखवा ताडकन वळले आणि धुराकडे निघाले. मी पुढे जाऊन आडवी उभी राहिले.

"बाजूला हो, बाय." मॅडम नाही, शेठ नाही. पहिल्यांदाच बाय, घरच्या पोरीला म्हणतात तसं.

"दुपार झाली, नाखवा."

"माजा मानूस हाय आत!"

"दुपार झाली म्हटलं ना! इथेच उभे राहा. तुम्ही आत गेलात तर तुमच्यामागे हे सगळे जातील. मागे बघा."

त्यांनी मागे बघितलं. खरंच, वीस-पंचवीस जण त्यांच्या पाठोपाठ दोन पावलं पुढे आलेच होते. इलियासभाई सगळ्यात आधी.

नाखवा थांबले. त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. पण ते थांबले. मी अग्निशमनच्या अधिकाऱ्याकडे धावले. मागची खोली कुठे, बाजूचं दार कुठे, मधली वाट कुठे मोकळी आहे, हे सगळं मला पाठ होतं. दोन जवान आत गेले. तो वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. नाखवा एकदाही माझ्याकडे बघत नव्हते आणि मी एकदाही त्यांच्यावरची नजर काढत नव्हते.

मग बाजूच्या दारातून दोन जवान बाहेर पडले, आणि त्यांच्यामध्ये काळाठिक्कर पडलेला, खोकणारा रामदुलारे. गाठोडं छातीशी घट्ट. जवान म्हणाला, तो स्वतःच दाराजवळ सरपटत आला होता, फक्त दार सापडत नव्हतं. आत आणखी माणसं शिरली असती तर कुणाला शोधायचं तेच कळलं नसतं.

नाखव्यांनी रामदुलारेच्या एक सणसणीत थोबाडीत दिली, लगेच त्याला मिठी मारली आणि चिरडलेल्या वालात खाली बसून मोठ्याने रडले. सगळ्यांदेखत, लहान मुलासारखे. आम्ही सगळेच रडत होतो आणि हसतही होतो. शेजारचं गोदाम पार गेलं, पण तिथलीही माणसं वेळीच बाहेर पडली होती. आमच्या एका बाजूचे पत्रे काळे पडले, काही माल भिजला, बाकी सगळं शाबूत राहिलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून मागच्या भिंतीत कायमचं फाटक केलं. मी नकाशा काढला. नाखव्यांनी त्याच्या उद्घाटनाला बँजो-पार्टी बोलावली.

आणखी दोन वर्षांनी मी कशेळीला एक छोटी शेड भाड्याने घेऊन स्वतःचा धंदा सुरू करायचं ठरवलं. नाखव्यांना कसं सांगावं याची मला धास्ती वाटत होती. सांगितलं, तर ते उडालेच. अक्षरशः टाळ्या वाजवत शेडभर फिरले. "मॅडम शेठ झाली! पूर्न दिवसाची शेठ!" मला हसू आवरेना आणि डोळेही.

निघायच्या दिवशी त्यांनी इलियासभाईंना माझ्यापुढे उभं केलं. त्यांचा सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा माणूस. म्हणाले, "हा तुमाला दिला. नवीन धंद्यात मुकादम चांगला पायजे. वाईट मानूस दिला तर त्याला देनं नाय म्हनत."

 एवढं मोठं मन! म्हटलं, "नाखवा, तुमचं कसं चालेल? आणि इलियासभाईंना तरी विचारलंत का?"

"त्याला काय विचाराचा? मी दिला."

इलियासभाई पायातल्या चपलेकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "सेठ, बात पूरी बोलो ना. जाने का तो मैंने बोला था."

 नाखव्यांनी मिशी पुसली. एकदा पुसली, दोनदा पुसली. छपराकडे बघितलं. मग इलियासभाईंच्या पाठीत जोरात एक थाप मारली, इतकी जोरात की ते पुढे झुकले.

"मंग?" नाखवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला. "पंधरा-सोला वर्सं याला शिकवला ते काय माज्या दारात बसून म्हातारा व्हायला? चल, नीघ. मॅडमला टाइमावर जायचा असतंय."

बाहेर एका ट्रकने भोंगा दिला. नाखवा वळले, आणि त्या ड्रायव्हरला शिव्या घालत, मोठमोठ्याने, नको तेवढ्या मोठ्याने शिव्या घालत, पाठमोरे चालू लागले.